आडनावावरून गाव शोधताना

चि. ओंकार यास,

अनेक आशीर्वाद.

आडनावावरून मूळ गाव शोधायला बसला आहेस म्हणे. 'कर' लागतं ते बहुधा गाव सोडल्यावर. गावात सगळेच गावचे, तिथे गावाच्या नावाने कोण कुणाला ओळखणार? म्हणून त्या गावात आपल्या आडनावाचं एकही घर निघालं नाही, तर खट्टू होऊ नकोस.

'कर' खोडला की गाव उरतं, असंही नाही. वेंगुर्ल्याचा वेंगुर्लेकर, पण साताऱ्याचा सातारकर; तेंडोलीचा तेंडुलकर; कोल्हापुरे तर 'कर'शिवायच. मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी स्वतः मंगेशीवरून घेतलं, ते आधीच्या पिढ्यांच्या कागदांत कसं मिळेल? आणि वडगावकर असलास तर बघायलाच नको, जिकडे तिकडे वडगाव! तिथे तालुका आणि कुलदैवत यांवरूनच निवड करावी लागते.

हुद्द्याच्या आडनावांत वेगळीच गोम. कुलकर्णी गावचा हिशेब ठेवी, देशपांडे परगण्याचा, म्हणजे अनेक गावांचा मिळून. वतन, म्हणजे त्या कामाचा पिढीजात हक्क, मिळालं की मूळ आडनाव मागे पडे. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950च्या कायद्याने गेली, आडनावं राहिली. पाटील तर मराठ्यांत, आगऱ्यांत, लिंगायतांत, जैनांतही आहेत. नुसत्या आडनावावरून भावकी जोडू नकोस.

आता कामाचं. पहिल्यांदा पणजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढ. त्यात जन्मगाव मिळू शकतं. मग तहसिलीच्या अभिलेख कक्षात अर्ज कर: गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. अर्जात नुसतं आडनाव लिहिलंस तर 'आढळ होत नाही' असा शेरा मारून परत येईल, कारण जुन्या नोंदींत बरेचदा आडनाव नसतंच. नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच. त्यामुळे नाव, बापाचं नाव, गाव आणि अंदाजे सालाच्या मागची-पुढची पाच वर्षं लिही. जमीन होती तर वारसाचे फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याच्या नोंदी, काढ; एकेका फेरफारात दोन पिढ्या सापडतात.

त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या उपाध्यांकडच्या यात्रेकरूंच्या वंशावळींच्या वह्या शेवटी बघ. गाव ठाऊक असल्याशिवाय तिथे पान हाती लागणं कठीण.

जुनी नोंद मोडी लिपीत असेल. फोटो काढताना नुसत्या ओळीचा काढू नकोस, वरचे रकाने आणि तारखेसकट अख्खं पान घे. नाहीतर वाचणाऱ्याला बाप कुठला नि खबर देणारा कुठला, कळत नाही.

तुझा,
बाबा