फॉलोअर सहा हजार, गिऱ्हाईक होतं तेवढंच

महोदय,

येवल्यात आमचं पैठणीचं लहानसं दुकान आहे. दिवाळीआधी भाच्याने इन्स्टाग्रामवर आपोआप लाइक-फॉलो-कमेंट करणारं सॉफ्टवेअर लावलं, त्याला पासवर्डही देऊन बसला. महिन्यात ४०० चे ६,००० फॉलोअर! कहर म्हणजे आमच्या नावाने एका श्रद्धांजलीच्या फोटोखाली ‘वा, सुंदर! दुकानाला भेट द्या’ अशी कमेंट पडली. ते घर आमचं जुनं गिऱ्हाईक. मी स्वतः जाऊन माफी मागितली. पैठणी मात्र एकही जास्त खपली नाही. अशा ॲपने मिळवलेले लाइक-फॉलो काढून टाकणार, हे इन्स्टाग्रामने २०१८ मध्येच जाहीर केलं होतं; आम्हाला कळलं ते खातं बंद पडल्यावर. आता मागावरच्या कारागिराचे व्हिडिओ मीच काढते. हात जरा हलतो, चालायचंच.

– एक दुकानदार, येवला (जि. नाशिक)