तिचे हात दाखव

प्रिय सोने,

तुझी फिल्म काल रात्री दोनदा पाहिली. बाबा म्हणाले, "छान आहे, पण मान दुखली." हसू नकोस, मलाही त्यावरच बोलायचंय.

हातातला कॅमेरा, खोलीतलाच उजेड, पार्श्वसंगीत नाही, कधीच अभिनय न केलेली नायिका. वास्तववादी सिनेमाची सगळी लक्षणं आहेत. खरीखुरी शिवणकाम करणारी बाई शोधून आणलीस, आणि ती शिवते हे मला कळलं कशातून? तिच्या संवादातून!

इटालियन दिग्दर्शक दे सिकांच्या 'उंबेर्तो डी'मधली (१९५२) मोलकरीण आठवते? सकाळी उठून स्वयंपाकघरात येते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळायला बसते. बसल्या बसल्याच पाय लांब करून दार लोटते. डोळ्यांत पाणी आहे, गरोदर आहे ती, पण हात चालूच. कुणी काही बोलत नाही. गोष्ट पुढे सरकायला यातलं काहीच लागत नाही. कात्री लावायची तर पहिली इथेच लागली असती. मला मात्र त्या चित्रपटातलं आधी हेच आठवतं.

बेल्जियमच्या दार्देन या दिग्दर्शक बंधूंच्या 'रोझेटा'त (१९९९) कॅमेरा हलतो, कारण तो त्या मुलीच्या मानेमागे धावत असतो. ती पुढे कुठे वळेल हे त्यालाच माहीत नसल्यासारखा. तुझी बाई खाटेवर बसलीय. मग कॅमेरा का थरथरतोय?

आणि पैसे. 'बायसिकल थीव्ज'मध्ये (१९४८) गहाण सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकतात, खिडकीपाशी आकड्यावरून घासाघीसही होते. तुझी बाई नुसतं "परवडत नाही" म्हणते. नेमके किती कमी पडतात तिला?

ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांनी बरेचसे चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित केले, पुढे काय होणार ते नटांपासून लपवून. तू शेवटचा प्रसंग पहिल्याच दिवशी उरकलास. मग ती सुरुवातीपासून रडवेली दिसते, त्यात तिचा काय दोष?

शेवट मात्र बदलू नकोस. बाबांना अर्धवट वाटला, वाटू दे.

एक कर. तिला मशीनवर बसव, एक ब्लाउज पूर्ण शिवू दे, आणि तू मधे "कट" म्हणू नकोस. त्यातलं काय ठेवायचं ते मग आपण दोघी बसून बघू.

तुझी
आई