उभ्या गाडीची उंची छापता, कललेल्या गाडीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या मोटारसायकलींची माहिती येते, ती मी चष्मा पुसून वाचतो. ३१ वर्षं एसटी चालवली. चाक असलेल्या कुठल्याही वस्तूचं मला कौतुक. पण त्या माहितीत एक आकडा न चुकता असतो, आणि त्याच्या शेजारी जो असायला हवा तो कधीच नसतो. त्यासाठी हे पत्र.

असतो तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची. स्प्लेंडर प्लस १६५ मिलिमीटर, ॲव्हेंजर २२० ची १६९, मीटिओर ३५० ची १७०. यातल्या शेवटच्या दोन क्रूझर, म्हणजे बुटक्या बैठकीच्या लांबट गाड्या. हे वाचून कुणालाही वाटेल, क्रूझर तर उलट चार-पाच मिलिमीटर उंचच आहे, मग काळजी कसली? मलाही तसंच वाटलं होतं. निवृत्तीनंतर पुतण्याची जुनी क्रूझर घेतली तेव्हा मी हाच आकडा बघितला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता.

हा आकडा सरळ उभ्या गाडीच्या पोटाखालचा आहे. तो कामाला येतो तवसाळच्या धक्क्यावर. ओहोटीला फेरीबोटीचा फ्लॅप आणि धक्का यांच्यात असा कोन पडतो की लांबट गाडीचं पोट मधोमध टेकतं. जयगडला उतरताना तर दोन्ही पाय खाली सोडून, गाडी जराशी तिरकी घालून निघावं लागतं. तिथं पोट महत्त्वाचं. वळणावर मात्र गाडी कलते, आणि कललेल्या गाडीचं पोट नाही तर बाजूचं टोक आधी जमिनीला लागतं. बहुतेक वेळा फूटरेस्ट. त्यानंतर सायलेन्सर किंवा स्टँड. आणि बाहेरून बसवलेला लेग गार्ड असेल तर कधी कधी तो सगळ्यांच्या आधी. क्रूझरवर बैठक बुटकी, पाय पुढे आणि खाली, फूटरेस्ट बाहेर आलेले. त्यामुळे स्प्लेंडरवाला जे वळण सहज घेऊन जातो, तिथं क्रूझर डांबर खरवडायला लागते. टायरची पकड शिल्लक असते, गाडीला कलायला जागाच उरलेली नसते.

माझ्या बाबतीत झालं ते असं. गेल्या डिसेंबरात सौ.ला घेऊन रत्नागिरीला लेकीकडे गेलो होतो. परतताना गणपतीपुळ्याच्या बाजूला आरे-वारेच्या उतारावर, समुद्र डाव्या हाताला. मागे सौ., तिच्या मांडीवर दुरुस्त करून आणलेला मिक्सर, दोन्ही बाजूंना पिशव्या. वेग ३५ च्या आसपास. कुणी याला भरधाव म्हणणार नाही. एक उजवं वळण आलं, पुढं जाता जाता ते आणखी आवळत गेलं, आणि उजव्या पायाखाली करर्र असा आवाज आला. फूटरेस्ट वर दुमडला, त्याच्याबरोबर पाय. सौ. म्हणाली, “अहो, टायर फुटला काय?”

मी घाबरलो. ३१ वर्षांत एसटी कधी खालून घासली नव्हती असं नाही, पण बस वळणावर बाहेरच्या अंगाला झुकते; आतल्या बाजूला, अंगाखाली रस्ता घासतोय ही भीती बसच्या माणसाला नवीन. मी झटक्यात रेस सोडली आणि पुढचा ब्रेक दाबला. नेमकं तेच करायचं नसतं. पुढचा भाग खाली बसला, लेग गार्ड टेकला, मागचं चाक वीतभर बाजूला सरकलं, आणि गाडी उभी होऊन सरळ निघाली. समोर साईडपट्टी, मग करवंदीची जाळी, पलीकडे समुद्र. साईडपट्टीवरच्या खडीत गाडी थांबली. मिक्सरचं भांडं सौ.च्या हातात, झाकण रस्त्यावर.

झाकण उचलायला वाकलो तेव्हा डांबरावर माझी रेघ दिसली. पांढरट, हातभर लांब, शेवटाला जाड. आणि तिच्या आजूबाजूला तशाच आणखी रेघा. काही जुन्या, काळवंडलेल्या. काही अगदी ताज्या. मी मोजल्या. माझी धरून अकरा. म्हणजे त्या एका वळणावर माझ्यासारखे निदान काही जण असेच दचकून गेले असणार. ते कुठल्या बातमीत आले नाहीत, कारण पडले नाहीत. पडले असते तर ‘भरधाव वेगातील दुचाकीवरील ताबा सुटल्याने’ एवढं छापून आलं असतं.

घरी येऊन गाडी अंगणात उभी केली आणि खाली बसून बघितलं. फूटरेस्टच्या टोकाखाली एक बोंडासारखा बोल्ट असतो, तो अर्धा झिजून चकचकीत झाला होता. पुष्कळ गाड्यांना हा बोल्ट मुद्दामच दिलेला असतो: सगळ्यांच्या आधी तो घासावा आणि स्वाराला कळावं की आता पुरे. दुमडणारा फूटरेस्टही त्यासाठीच. घासण्याने लगेच माणूस पडत नाही. दुमडता न येणारी वस्तू टेकली की पडतो, कारण ती टेकूसारखी गाडीला उचलते आणि चाकाचा भार जातो. माझ्या गाडीवर ती वस्तू म्हणजे मी स्वतः पैसे मोजून बसवलेला रुंद लेग गार्ड. दुकानदार म्हणाला होता, “काका, एकदम मजबूत!” मजबूत होता, यात वाद नाही. चपलेच्या कडेचा तुकडा तिरका छाटला गेला होता. क्रूझरवर चप्पल घालून बसलो, हीही माझीच अक्कल.

लेक बारावीला फिजिक्स शिकवते. तिला फोनवर सगळं सांगितलं. वळणाची त्रिज्या २० मीटर धर, म्हणालो. तिने हिशेब केला. ताशी ३० ला गाडी सुमारे २० अंश कलते, ३५ ला २६ अंश, ४० ला ३२. पाच-पाच किलोमीटरला सहा-सहा अंश! वेग थोडा वाढला तर कलही थोडाच वाढत असेल, असं मी समजत होतो. वेग जितक्या पटीने वाढतो, त्याहून कल जास्त पटीने वाढतो. आणि बऱ्याच क्रूझर तीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे घासतात. हार्ले-डेव्हिडसन आपल्या गाड्यांच्या तपशिलात हा कलण्याचा कोन छापते, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा, कारण सायलेन्सर एकाच बाजूला असला की दोन्हीकडे जागा सारखी मिळत नाही. मला हवा आहे तो दुसरा आकडा हाच.

मागे माणूस बसल्याने वळणासाठी लागणारा कोन बदलत नाही, हेही लेकीनेच सांगितलं. पण शॉकअप बसतात, गाडी खाली येते, आणि तोच कोन होण्याआधी फूटरेस्ट जमिनीला लागतो. शॉकअपच्या बुडाशी खाचांची रिंग असते. ती दोन खाचा वर चढवायला पाना आणि पाच मिनिटं लागतात. माझी रिंग पुतण्याने एकट्यासाठी अगदी खालच्या खाचेत ठेवलेली. गाडी घेतल्यापासून मी तिला हात लावला नव्हता.

आता रस्त्याबद्दल. डोंगरातल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष आहेत. केसाच्या पिनेसारख्या वळणाला आतली त्रिज्या निदान १४ मीटर, वेग ताशी २०, आणि बाहेरची कड उचलून दिलेला उतार जास्तीत जास्त दहास एक. या हिशेबात क्रूझर तेरा अंशांच्या आत कलते. घासण्याचा प्रश्नच नाही. शिवाय कड उचललेली असली की ते पाच-सहा अंश रस्ताच आपल्याला देतो. पण आमच्याकडे पावसानंतर खड्डे बुजवून वर नवा थर टाकतात तेव्हा वळणाचीही पाठ सरळ रस्त्यासारखी मधे फुगीर करून ठेवतात. उजव्या वळणावर आपण डाव्या अर्ध्यात असतो आणि तिथला उतार बाहेरच्या बाजूला पळतो. मिळायचे ते सहा अंश गेलेच, वर दीड-दोन अंश आपल्या खिशातून. काम करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही. जुन्या घाटातली वळणं बघा, आंब्यातली, कुंभार्लीतली; तिथं गाडी आत कशी धरली जाते ते स्टिअरिंगवर हाताला कळतं.

पावसाळ्याचं वेगळंच. तेव्हा शेवाळ, जांभ्याची लाल माती, मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी. फूटरेस्ट टेकायच्या आधी टायरच सुटतो, तिथं हा हिशेब चालत नाही.

मुंबई-पुण्याची मुलं शनिवार-रविवारी या बाजूला येतात. सरळ हायवेवर क्रूझर सोफ्यासारखी चालते आणि तिथं कधीच घासत नाही; पहिली करर्र त्यांना आमच्याच वळणावर ऐकू येते. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की तेव्हा ब्रेक मारायचा नाही, रेस एकदम सोडायची नाही, हात आहे तिथंच ठेवायचा आणि छाती-डोकं वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचं, म्हणजे गाडीला थोडं कमी कलावं लागतं. वेग कमी करायचा तो वळणाआधी. एसटीत आम्हाला पहिल्या दिवशी हेच घोकवलं होतं, गिअर उतारावर नाही, उताराच्या आधी. तरी मी चुकलो.

तेव्हा विनंती एवढीच: पुरवणीत क्रूझरची माहिती द्याल तेव्हा, गाडी हातात आलीच असेल तर, ती दोघांना बसवून वळणावर कुठं घासली, डावीकडे आधी की उजवीकडे, आणि आधी काय टेकलं, या दोन ओळी घाला. मायलेज एखादी ओळ कमी लिहिलंत तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी चालक, ता. गुहागर
(नाव छापू नये. घासण्याची गोष्ट अजून भावाला सांगितलेली नाही.)

ता. क. लेग गार्ड काढून पडवीत ठेवला आहे. शेजारचा मुलगा विकत मागत होता, दिला नाही.