कमलाला धुतलेलं पातळ चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकाच्या नव्या प्रयोगाचं परीक्षण वाचलं. अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना यांविषयी परीक्षकांनी लिहिलेलं मला मान्य आहे. मी तो प्रयोग पाहिला आहे, काम चांगलंच झालं. पण बातमीसाठी बाजारातून विकत आणलेली कमला आणि तिला आणणाऱ्या पत्रकार जयसिंगची बायको सरिता या दोघी एकाच दावणीच्या आहेत आणि सगळा दोष बातमीच्या मागे धावणाऱ्या जयसिंगचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. तो वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र.

दोघी एकाच दावणीच्या कशा? कमला सरितेला विचारते की मालकानं तुला कितीला घेतलं, आणि सरिता सातशे म्हणते. त्या क्षणी प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. परवाही झाली. पण त्यानंतर आपण सगळे कुणाकडे बघत राहतो? सरितेकडे. तिला काय वाटलं, तिचे डोळे कसे उघडले, ती आता काय करणार. जिनं प्रश्न विचारला तिची रवानगी संस्थेत होते आणि ती नाटकातून जाते ती जातेच. तिचं पुढे काय झालं, याची चुकचुक कुणालाच लागत नाही. परीक्षकांनाही लागलेली नाही. सबंध लेखात एक वाक्य त्याविषयी नाही.

सरितेचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. बायकोला घरात काय किंमत असते हे मला कुणी शिकवायला नको. पण सरिता आपल्या काकांपुढे, काकासाहेबांपुढे, स्वतः पत्रकार परिषद घेण्याची भाषा करते, आपल्या नवऱ्याला जगासमोर उभं करीन म्हणते. कमलाला मात्र पत्रकार परिषदेत नेलं जातं, तिच्यावर हसलं जातं. शेवटी नोकरी गेलेल्या नवऱ्याला या घडीला सोडायचं नाही असं सरिता ठरवते, आपला दिवस पुढे कधीतरी येईल म्हणते. वाट बघणं तिला परवडतं. डोक्यावर छप्पर आहे, माहेर आहे, शिक्षण आहे. कमलाकडे यातलं एक तरी आहे का? हे नाटक ज्या खऱ्या घटनेवर बेतलं आहे, त्यात 1981 साली पत्रकार अश्विनी सरीन यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’साठी जी बाई विकत घेतली तिचे 2300 रुपये पडले होते. तेंडुलकरांनी नाटकात तो आकडा अडीचशेवर आणला, बैलाहूनही स्वस्त. तो आकडा ऐकूनही दोघींना एका मापानं मोजायचं असेल, तर मग नाटककारानं तो एवढा खाली का आणला याचा तरी विचार व्हायला हवा होता.

आणि त्या घरात आणखी एक बाई आहे. कमलाबाई. स्वयंपाकघरातून आत-बाहेर करणारी मोलकरीण. विकत आणलेल्या बाईचं आणि घरकाम करणाऱ्या बाईचं नाव तेंडुलकरांनी एकच ठेवलं, ते त्यांना दुसरं नाव सुचलं नाही म्हणून नव्हे. जयसिंगचं घर तिच्यावर चालतं, आणि सरितेचंही. परीक्षणात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

मी एवढी का चिडले आहे ते सांगते. ऐंशीच्या दशकात आमच्या हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘कमला’ बसवलं होतं. वेशभूषा माझ्याकडे होती. कमलासाठी फाटकं, विटकं पातळ हवं होतं. मी घरातलं एक जुनं काढलं, चहाच्या पाण्यात बुडवलं, कात्रीनं फाडलं. दिग्दर्शक म्हणाले, तिसऱ्या रांगेतूनसुद्धा खोटं दिसतंय. खरंच दिसत होतं. वापरून फाटलेलं कापड वेगळं असतं. ते खांद्यावर आणि बसायच्या जागी विरतं, काठाला टाके असतात आणि तेही निराळ्या रंगाच्या दोऱ्याचे. तसं पातळ आमच्या समोरच होतं. तालमीच्या हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशींच्या अंगावर.

मी त्यांना विचारलं. आधी त्यांना वाटलं, मी त्यांना माझं जुनेर देते आहे. त्यांचंच हवंय म्हटल्यावर त्या ओशाळल्या, हे कशाला, हे काय घेण्यासारखं आहे का, असं म्हणत राहिल्या. मी त्यांना नवं पातळ आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं आणून दिलं ते धुऊन, वाळवून, घडी घालून. दुसऱ्याला द्यायची वस्तू मळकी कशी द्यायची, म्हणून. आणि मी त्यांना म्हणाले, “धुतलंत कशाला?”

मग ते पातळ आम्ही हॉलच्या फरशीवर लोळवलं. ती फरशी त्यांनीच सकाळी झाडली होती आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

नाटकात जयसिंग कमलाला आंघोळ करू देत नाही, कपडे बदलू देत नाही, कारण पत्रकार परिषदेत ती जशी आणली तशीच दिसायला हवी असते. तो प्रसंग आम्ही महिनाभर रोज तालमीत करत होतो. जयसिंगच्या निर्दयपणावर चहा पिता पिता तासन्‌तास बोलत होतो. आमच्यातल्या एकालाही त्या दिवशी काही खटकलं नाही. मलाही नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी मावशी आल्या, मी दिलेलं नवं पातळ नेसून. त्यांना त्यांचं पातळ स्टेजवर बघायचं होतं. पास पाहुण्यांना वाटून संपले होते. आमच्या एका पदाधिकाऱ्यानं त्यांना दारावरूनच परत पाठवलं, आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, त्या हॉल झाडता झाडता विचारू लागल्या तेव्हा. “दिसलं का वो लोकांना माझं पातळ?” मी म्हटलं, “हो, दिसलं की.” एवढंच म्हटलं. वेशभूषेचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नाव माझं आहे. मावशींचं पूर्ण नाव मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

परीक्षकांना मी ओळखत नाही, त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण सगळं पाप पत्रकारांच्या माथी मारलं की साडेतीनशे प्रेक्षक हात झटकून घरी जायला मोकळे होतात. मी तशीच गेले होते. परवा मध्यंतरात माझ्या शेजारच्या बाई जयसिंगला नावं ठेवत होत्या आणि त्याच दमात फोनवर घरच्या कामवालीला उद्याची सुट्टी नाकारत होत्या. त्यांना कुणी तरी जागं करायला हवं होतं, आणि ते परीक्षणाचं काम आहे असं मला वाटतं. आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी 2008 साली कायदा झाला. त्या प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी किती जणांना तो माहीत असेल?

आता लिहितेच आहे तर आणखी एक. नाटकाच्या परीक्षणाला पूर्वी आपल्याकडे अर्धं पान असायचं. आता कोपऱ्यात तीनशे शब्द आणि वरती एका नटाच्या लग्नाचा चार रकानी फोटो. परीक्षकांनी घाईनं निष्कर्ष काढला याचं अर्धं कारण तेही असेल. तीनशे शब्दांत कमलाबाई मावणार कुठे? कृपया जागा वाढवा.

आणि परीक्षणाच्या शेवटी जी नामावली आहे, त्यात जयसिंग, सरिता, कमला, काकासाहेब, जैन ही कामं करणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. कमलाबाईचं काम करणाऱ्या मुलीचं नाही. तिचं काम मला फार आवडलं. विशेषतः कमलाकडे ती दारातून नुसती बघते तो क्षण. तिचं नाव पुढच्या पुरवणीत तरी छापावं, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक