हिरवी उलटी कोणत्या विभागाकडे वर्ग करू? मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असेलच, आणि नसली तरी आपल्याला घाट चढावा लागत नाही.

काल तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं. लहान मुलांच्या सर्जनचं पद भरा म्हणून आठ महिन्यांत मी चार अर्ज टाकले, त्या चारांना मिळून एक ओळ, अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केलाय म्हणे. खालची सहीपण वाचता येत नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

मी रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. रत्नागिरी-कोल्हापूर २६ वर्षं मारली, आंबा घाटातलं वळण न् वळण डोळे मिटून सांगेन. त्याच घाटात जूनच्या पावसात मी ॲम्ब्युलन्सच्या मागच्या बाकावर बसलो होतो, मांडीवर पाच दिवसांचा नातू, पुढे ड्रायव्हर नवखा पोरगा, साखरप्याच्या वर धुकं आणि रस्ता उकरलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या घाटाची भीती वाटली.

झालं असं की पोराने हिरवी उलटी केली. दुधाची नाही, अळूच्या पानासारखी हिरवीगार. शेजारच्या काकींनी दृष्ट काढली, त्यांना कसला दोष देऊ, जिथे नेलं तिथल्या डॉक्टरनेपण गॅसचे थेंबच लिहून दिले. सहा तास तिथे गेले. पुढच्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं आतड्याला पीळ पडलाय, पण लहान मुलांचा सर्जन नाही, कोल्हापूर गाठा. सूनबाई ओली बाळंतीण, ती घरी, फोनवर नुसती विचारते रडतोय का, आणि तो रडायचा थांबला होता हे मी तिला सांगितलं नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईच्या पोटात असताना सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळाचं आतडं नाळेत बाहेर जातं, दहाव्याच्या आसपास परत आत येतं आणि एकूण २७० अंश फिरून जागेवर बसतं. ह्याचं अर्धवट फिरलेलं. मग ते बारक्या देठावर लोंबकळतं, कधीही पिरगळतं, रक्त बंद होतं, काही तासांत आतडं काळं पडतं. मॅलरोटेशन म्हणतात. पीळ सोडवायचा, वरचे पट्टे कापायचे, अपेंडिक्सपण काढतात. लॅड नावाच्या अमेरिकन सर्जनने हे ऑपरेशन १९३६ साली छापून सांगितलंय. साहेब, १९३६! तेव्हा आमची माणसं आगबोटीने मुंबईला जायची. नव्वद वर्षं होत आली, ते ऑपरेशन अजून घाट उतरून खाली आलं नाही.

नातू वाचला. ४० सेंटीमीटर आतडं गेलं, लवकर आणला असता तर तेही गेलं नसतं असं तेच डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मला रात्री झोपू देत नाही.

तुम्ही नवजात बाळांच्या कक्षाची फीत कापली तेव्हा सर्जनचं पद भरतो म्हणालात, टाळ्या मीपण वाजवल्या. ते पद भरा. आणि दर उपकेंद्राच्या भिंतीवर लिहा की नवजात बाळाची उलटी हिरवी झाली तर दूध बंद आणि थेट सर्जन, वाट बघायची नाही. रंगाच्या एका डब्याचा खर्च आहे, टेंडर काढू नका म्हणजे झालं. २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरातून, त्याच्या यादीत जन्मजात दोष नऊ, फाटलेला ओठ आहे, वाकडे पाय आहेत, हृदय आहे. आतडं नाही. आतड्याने वेळेत अर्ज केला नसेल.

पण आमचं ऐकतो कोण? मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय, तेव्हाची पोरं लग्नाला आली. पर्यटकांना येवा कोकण आपलोच असा, आणि आमच्या पोरांना जावा कोल्हापूर. देवळात गाऱ्हाणं घातलं तर मागून चार माणसं निदान व्हय म्हाराजा तरी म्हणतात, तुमच्याकडे आवक क्रमांक मिळतो.

मंगळवारी परत कोल्हापूरला फॉलोअप आहे, पहाटे चारला निघतोय. हे पत्र वर्ग करायचं असेल तर त्याआधी करा, नंतर दोन दिवस मी घरी नाही.

आपला,
एक आजोबा