सवलत खिडकीवर मराठीत लिहा

संपादक महाशय,

सुट्टी लागली की मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांचा मुक्काम ठाण्यात पडतो. ज्यांचं घर खुद्द मुंबईत असतं, त्यांच्याकडे अंथरूण टाकायला जागा नसते. यंदा बहिणीकडची मंडळी सांगलीहून आली होती. त्यांना फिरवताना संग्रहालयांच्या आणि लेण्यांच्या तिकीट खिडकीवर जे पाहिलं त्याबद्दल हे पत्र.

मी एसटीत कंडक्टर होतो. हाफ तिकीट, पास आणि सवलती यांतच नोकरी गेली. एसटीची सवलत प्रवाशाला तोंडपाठ असते. पासष्टी ओलांडलेले आजोबा पायरी चढतानाच आधार कार्ड काढतात. मार्च 2023 मध्ये महिलांना निम्मं तिकीट सुरू झालं, तेव्हा आज्याबाया मशीनमधून तिकीट निघायच्या आत "अर्धंच काढलंस न्हवं?" म्हणून दटावायला लागल्या. हीच माणसं संग्रहालयाच्या खिडकीपाशी मात्र गप्प होतात आणि सांगितले तेवढे पैसे मोजतात.

मुंबईतल्या एका संग्रहालयात आमच्यापुढे कल्याणचं एक कुटुंब होतं. मुलीच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र लटकत होतं, तरी तिचं पूर्ण तिकीट फाडलं. विद्यार्थ्यांची सवलत इंग्रजी फलकावर अगदी खाली, बारीक अक्षरांत होती. वडिलांनी ती दाखवली, तर "आधी सांगायचं" असं उत्तर मिळालं. आमच्या खात्यात असं उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरपुढे उभं राहावं लागलं असतं.

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, हा खरा घोळ आहे. एसटीत बारा वर्षांनंतर पूर्ण तिकीट, म्हणून लोक लेण्यांवरही तसंच धरून चालतात. पुरातत्त्व खात्याकडे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. आमच्या तेरा वर्षांच्या भाच्यासाठी भाऊजींनी घारापुरीला पैसे काढले होते, मी हात धरला. मोठ्यांना तिथे खिडकीवर 40 रुपये, ऑनलाइन काढलं तर 35. पाच रुपयांत हल्ली वडापावसुद्धा येत नाही हे खरं, पण रांग टळते. ज्येष्ठांना मात्र तिथे वेगळी सवलत नाही, आणि ती असायला हवी. लाँचचं भाडं आणि ग्रामपंचायतीचा कर वेगळा, तोही आधीच हिशेबात धरावा. कान्हेरीलाही तसंच: लेण्यांचं तिकीट 25 रुपये, पण त्याआधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पैसे मोजावे लागतात.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना 18 एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, गेली काही वर्षं प्रवेश मोफत असतो. लोक ऐकतात आणि त्या दिवशी भलत्याच संग्रहालयापुढे जाऊन वाद घालतात. फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय विश्वस्तांचं आहे, त्याला हा नियम लागू नाही. तिकीट शंभराच्या वर आहे, म्हणून विद्यार्थी आणि ज्येष्ठ यांची सवलत तिथेच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. माझ्या मते पैसे तिथे खुशाल खर्चावेत, कारण आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख तिथे आहे. काटकसर दुसरीकडे करता येते. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे. गॅलरीच्या समोरच्या बाजूला, जवळच, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, त्याचं तिकीट फक्त 20 रुपये.

साप्ताहिक सुट्टीचाही असाच गोंधळ. घारापुरी सोमवारी बंद, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. बंद दारापुढून परत फिरलेल्या सहा माणसांचं टॅक्सीभाडं कुठलीच सवलत भरून काढत नाही. रविवारी सगळं उघडं असतं, तर आमच्या मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी लोकल बंद!

माझी मागणी छोटी आहे. कोणाला कितीत प्रवेश, कोणता पुरावा लागेल आणि कोणत्या दिवशी बंद, हे प्रत्येक खिडकीवर मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं. तिकीट देणाऱ्याने "कोणी विद्यार्थी, ज्येष्ठ आहे का?" एवढं आपणहून विचारावं, त्याला दोन सेकंद लागतात, भरलेल्या गाडीत आम्ही ते करतच होतो. आणि आपल्या दैनिकाला एक विनंती: शनिवारी मेगाब्लॉकची चौकट छापता, तिच्याखाली दुसऱ्या दिवशी कुठलं संग्रहालय उघडं आणि तिकीट किती, याच्या चार ओळी द्याव्यात.

— एक निवृत्त एसटी वाहक, खोपट, ठाणे