वहीच्या पुठ्ठ्यावरचा तो फोटो

मुरुड, जि. रायगड

प्रिय चिमणे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी चिडते, आणि मूळ विषय राहून जातो. हे मला एका दमात सांगायचंय, म्हणून पत्र. आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी वाडीत जायचं सोडत नाही. वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या आता कुठे धरायला लागल्यात, त्यामुळे तिला घरात बसवणं कोणाच्या बापाला जमणार नाही. मी ठीक.

विषय तू काढलेल्या त्या फोटोचा आहे. कुठल्या ते तुला सांगायला नको.

दिवाळीनंतर मी आश्रमशाळेत गेले होते. एका कंपनीने मुलांना दोनशे पानी वह्या दिल्या, त्या वाटपाचा अहवाल करायचा होता. पुढच्या पुठ्ठ्यावर कंपनीचा लोगो, मागच्या पुठ्ठ्यावर आमच्या संस्थेचा, आणि त्याच्यावर तुझा फोटो. सहावीच्या वर्गात एका मुलीने सगळ्या वह्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. मागच्या बाजूचा कागद तर खळीने असा चिकटवला होता की सोडवायचा म्हटलं तरी सुटू नये. मी तिच्याकडे बघतेय हे बाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "हीच ती."

मी ओळखलं नसतं गं. उंच झालीय, दोन वेण्या, कबड्डीत चपळ आहे म्हणे. मधल्या सुट्टीत ती आपणहून माझ्याकडे आली आणि विचारलं, "ताई, हा फोटो काढून टाकायला कोणाला सांगायचं?" मी म्हटलं, मला सांग. तर म्हणाली, "माझ्या नाकाला शेंबूड आहे त्यात. फ्रॉक फाटलाय. आणि मी रडत नव्हते. धूर गेला होता डोळ्यांत."

धूर, चिमणे! तुला आठवतोय ना तो? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, आणि मग आपण लॉकडाऊनचा पास घेऊन दिघीच्या फेरीबोटीतून पलीकडे गेलो होतो. तू डोळे मिटून माझा दंड इतका आवळलास की वळ उठले होते. (वाघाचे फोटो काढायला ताडोबात जाणारी बाई खाडीच्या पाण्याला घाबरते, यावर माझी आई अजून हसते.) रस्त्यावर सगळीकडे आडव्या पडलेल्या सुपाऱ्या, वीज नाही, टॉवर नाही. त्या कातकरी वाडीत कारवीचे कूड कोसळलेले, पत्रे शेतात जाऊन पडलेले, आणि आजी ओल्या लाकडांवर चूल पेटवायचा प्रयत्न करत होती. तू तिला विचारलंस, फोटो काढू का. ती म्हणाली, काढ काढ. पोर तिच्या पाठीशी उभी होती. तुझ्या मूळ फ्रेममध्ये हे सगळं आहे: आजीची वाकलेली पाठ, हातातली फुंकणी, धुराचा लोट, आणि कडेला डोळे चोळून झालेली ती.

वहीवर आजी नाही, चूल नाही, धूरही नाही. फक्त चेहरा आणि गालांवरचं पाणी. खाली ओळ: वादळाने तिचं सगळं हिरावून नेलं. आणि शेजारी एक नाव, जे तिचं नाहीच. ओळख लपावी म्हणून मुलांची नावं बदलायची, हा नियम चांगला आहे, मी तो सगळ्यांना शिकवते. पण चेहरा एवढा मोठा छापल्यावर बदललेलं नाव काय लपवणार? वसतिगृहातल्या मुली आता तिला त्या नावाने हाक मारतात. भांडण झालं की, "ए हिरावलेली."

तू तेव्हाच ऑफिसला लिहिलं होतंस, ही फ्रेम कापू नका. आणि कापल्यावर मला म्हणाली होतीस, असल्या ठिकाणी नोकरी करू नकोस. त्यावरून आपण किती महिने बोललो नाही! मी नोकरी सोडली नाही, आणि ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं. त्या वाडीवर पत्रे गेले, अंगणवाडीला पाण्याची टाकी मिळाली, आणि त्यासाठी लोकांनी पैसे दिले ते फोटो बघूनच. तुला एग्लंटाइन जेब सांगितली होती का मी? 1919 साली लंडनमध्ये तिने ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांच्या फोटोंची पत्रकं वाटली. पहिलं महायुद्ध थांबलं तरी शत्रूदेशाची नाकेबंदी चालूच होती, आणि तिकडे मुलं मरत होती. तिच्यावर खटला झाला, 5 पौंड दंड झाला, आणि त्याच वर्षी सेव्ह द चिल्ड्रन उभी राहिली. मुलाचा फोटो दाखवून अनोळखी माणसाचं काळीज हलवायचं, हा आमच्या कामाचा पायाच आहे. म्हणून कोणी सरसकट म्हणालं, की मुलांचे फोटो वापरूच नका, तर मी त्याच्याशी वाद घालेन. पण त्या पत्रकांतल्या मुलांकडे ती पत्रकं कधी परत गेली नसतील. हा फोटो मुलीच्याच दप्तरात परत आला. याचं काय करायचं, ते पोटतिडकीने सांगणारं माझ्या ऑफिसात कोणी नाही, म्हणून तुझ्याकडे आले.

मी संमतीपत्र शोधून काढलं. आहे, क्रमांकासकट आहे. इंग्रजीत, खाली बापाचा अंगठा. तारीख बघितली तर पत्रे वाटपाच्या दिवसाची. म्हणजे एकाच टेबलावर पत्रे मिळाल्याच्या यादीवर एक अंगठा आणि लगेच पुढच्या कागदावर दुसरा. डोक्यावर छप्पर नाही, पावसाळा तोंडावर, समोर पत्र्यांची चळत. अशा वेळी माणूस दुसरा कागद कशाचा म्हणून विचारेल का?

आई-बाप दोघंही आता घाटावर आहेत, कोळशाच्या भट्टीवर. गणपतीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतली, दिवाळी झाली आणि निघाले. आता पावसाआधी परत येतील. मुकादमाच्या मोबाईलवर बापाशी बोलले. म्हटलं, दादा, पोरीला तो फोटो नकोय, तुम्ही नको म्हणालात तर मी तो काढायला लावते. पलीकडे बराच वेळ नुसता वारा. मग विचारतो, "मग पत्रे परत न्याल काय?"

चिमणे, मी त्या रात्री जेवले नाही. पाच वर्षं तो माणूस समजतोय की घरावरचे पत्रे पोरीच्या फोटोच्या बदल्यात मिळालेत. आणि असा तो एकटाच असेल, असं नाही. पाण्याच्या टाकीवर लोगो, शाळेच्या भिंतीवर लोगो, दप्तरावर लोगो. टाकी कोणाच्या पैशातून आली हे लिहिलेलं असावं, त्यात लपवाछपवी नको, हे मला पटतं. पण आम्ही येतो ते नेहमी कॅमेरा घेऊन, नवीन वस्तू घेऊन, आणि जाताना सगळ्यांना ओळीत उभं करतो. लोकांनी यातून हिशेब जुळवला तर त्यांचं काय चुकलं? मी त्याला तीनतीनदा सांगितलं, पत्रे तुमचेच, कोणी नेणार नाही. "बरं, ती म्हणते तर काढा," म्हणाला. तोंडीच. लेखी घ्यायला मी स्वतः भट्टीवर जाणार आहे, आणि कागद मराठीत असेल, मोठ्याने वाचून दाखवेन.

बॉसशी बोलले. ती वाईट बाई नाही, तिचीही कोंडी आहे. कंपनीशी असलेला पाच वर्षांचा करार मार्चमध्ये संपतो आणि त्यांना दीड मिनिटाची फिल्म हवी आहे, 'तेव्हा आणि आता'. तेव्हा म्हणजे तो फोटो, आता म्हणजे ती दोन वेण्यांची मुलगी, हातात वही. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, आणि ते कुठे गेले हे तिथल्या माणसालाही त्याच्या संचालकांना दाखवावं लागतं. हे सगळं मला समजतं. बॉस म्हणते, संमती आहे ना, मग अडचण काय? आणि मुलगी तर शिकतेय, किती छान गोष्ट आहे! गोष्ट छान आहेच. पण ती मुलगी ती गोष्ट सांगायला नाही म्हणतेय. 20 नोव्हेंबर 1989 ला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता मंजूर केली, 1992 साली भारताने ती स्वीकारली. त्यातलं बारावं कलम म्हणतं की मुलाला स्वतःचं मत बनवता येत असेल, तर त्याच्या बाबतीतल्या गोष्टींत ते मत मांडायचा त्याला हक्क आहे आणि मोठ्यांनी त्याला वजन द्यायचं. सोळावं कलम खासगीपणाचं. आमची सगळी पोस्टरं याच कलमांची असतात आणि त्यातलं अर्धं मराठी माझं आहे. बारा वर्षांच्या मुलीने इतक्या स्पष्ट शब्दांत मत दिल्यावर ते आपण ऐकणार नसू, तर मी पुढचं पोस्टर कोणत्या तोंडाने लिहू? फिल्म मी करणार नाही, हे मी सांगून टाकलंय. त्याऐवजी पाणी समितीच्या बायकांवर करू. त्या मोठ्या आहेत, बोलायला उत्सुक आहेत आणि कॅमेऱ्यासमोर मला गप्प बसवतील इतकं बोलतात.

आता तुझं काम. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात लिहिलंय की संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं, पण मुलांच्या बाबतीत ती पालकांनी द्यायची असते, आणि बापाची सही येईपर्यंत ऑफिस ढिम्म हलणार नाही. फोटो तोवर संस्थेच्या फोटो संग्रहातून कुठल्या कुठल्या देशांत जातच राहणार. तुझा मार्ग जवळचा आहे. कॉपीराइट कायदा, 1957. कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसला तर, काढून घेणाऱ्याची. तिथे तुझं काही चालणार नाही. पण कलम 57 बघ. मालकी गेली तरी, आपल्या कामाची मोडतोड झाली आणि त्याने आपल्या नावाला बाध आला, तर हरकत घ्यायचा हक्क फोटो काढणाऱ्याकडे राहतो. आजी आणि धूर कापून, धुराने आलेल्या पाण्याला दुःखाचे अश्रू म्हटलं, याहून मोठी मोडतोड कोणती? तुझी 2020 ची 'कापू नका' ची मेल तुझ्याकडे असेलच, तू काही डिलीट करत नाहीस. ती जोडून ऑफिसला लिही. वकिलाची भाषा नको, तुझी नेहमीची भाषा पुरे, तिला सगळे घाबरतात.

आणि याहून अवघड गोष्ट. तुझ्या वेबसाइटवर पहिलाच फोटो तो आहे. पूर्ण फ्रेम आहे, कापलेली नाही, तुझं त्यात काही वावगं नाही. पुण्याच्या प्रदर्शनाच्या निमंत्रणावरही तोच टाकणार आहेस ना? नको टाकूस. मला माहीत आहे मी काय मागतेय. त्या एका फोटोने तुला किती कामं मिळाली, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तरी मागतेय. तू नाही म्हणालीस तरी आपण भांडून परत बोलायला लागू, ते आपल्याला येतं. पण ती वसतिगृहातून कुठेच जाऊ शकत नाही गं, तिला रोज त्याच मुलींत झोपायचंय.

एक सांगायचं राहिलं. मी तिला माझ्या मोबाईलवर पूर्ण फ्रेम दाखवली. ती एकदम ओरडली, "आजी आहे की ह्यात!" आजी गेल्या पावसाळ्यात गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मला म्हणाली, हा मला द्या, पण वहीवर नको. तेव्हा एक मोठी प्रिंट काढ, चांगल्या कागदावर, आणि फ्रेम करून पाठव. काच नको, तिथे टिकायची नाही. पैसे मी देते, वाद घालू नकोस.

गोदामात उरलेल्या वह्यांचे पुठ्ठे बदलायचं कबूल करून घेतलंय. वाटलेल्यांचं काय करायचं, यावर बाईंनीच तोडगा काढला: सहावीच्या सगळ्यांनी वह्यांना कव्हरं घालायची, आणि सुंदर कव्हराला बक्षीस. पहिला नंबर कोणाला द्यावा हे मी त्यांना सांगितलेलं नाही, पण माझ्या मनात पक्कं आहे.

तुझ्या धाकट्याची दहावी ना यंदा? गणिताचा ताण घेऊ नकोस, तो तुझ्यापेक्षा हुशार आहे. नवीन घराचं लाइट बिल तुझ्या नावावर झालं का? सासूबाईंना सांग, कोकमं आणि कडवे वाल पार्सलने पाठवतेय, त्यातले वाल तू परस्पर संपवू नकोस. पोपटीला येशील तेव्हा गाडीने ये, फेरीबोटीचं नावही काढणार नाही.

मेल सोमवारपर्यंत पाठव. मंगळवारी बॉस दिल्लीहून आलेल्या लोकांबरोबर बसणार आहे, त्याआधी तुझी मेल त्यांच्या समोर असायला हवी. मला सीसीत ठेव.

तुझी
रूममेट